स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर कोणाचे दुखणे टिकेल, हे मॉडेलला आधी कळेल का?

तुम्ही पत्रातून विचारलेले थोडक्यात असे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ४८६ स्त्रियांच्या केसपेपरांवरून तुम्ही आणि तुमच्या अभियंता मित्राने ६१ रकान्यांची एक फाइल तयार केली. तीन महिन्यांनी प्रत्येकीला फोन करून ‘अजून दुखते का’ असे विचारले. ४६ जणींनी ‘हो’ सांगितले, ११२ जणींचा फोन लागला नाही म्हणून त्यांच्यापुढे ‘दुखत नाही’ असे धरले, आणि या फाइलवर शिकवलेल्या, एक्सजीबूस्ट या मशीन लर्निंग पद्धतीच्या मॉडेलची अचूकता ९२ टक्के आली. आता हे मॉडेल वॉर्डात वापरावे का, आणि अचूकता आणखी वाढवण्यासाठी न्यूरल नेटवर्क या अधिक गुंतागुंतीच्या पद्धतीकडे वळावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र फाइल टाकून देण्यासारखी मुळीच नाही. तिच्यातला ‘दुखते की नाही’ हा शेवटचा रकाना तेवढा नव्याने भरावा लागेल, आणि तो संगणकासमोर बसून भरता येणार नाही. गेली बावीस वर्षे मी भूल देते आणि त्यांतली चौदा वर्षे वेदनाचिकित्सेची ओपीडी चालवते, त्यामुळे माझे म्हणणे गणितापेक्षा खाटेच्या बाजूने झुकलेले असेल, हे धरून वाचावे.

आधी त्या ९२ टक्क्यांबद्दल. एकही केसपेपर न उघडता सगळ्यांना सरसकट ‘दुखणार नाही’ असे सांगणारा माणूस तुमच्या फाइलवर ४८६ पैकी ४४० वेळा बरोबर ठरेल, म्हणजे साडेनव्वद टक्के. तुमचे मॉडेल त्याच्यापेक्षा जेमतेम सात जणींनी पुढे आहे. जिथे दहांतल्या एकीलाच त्रास होतो, तिथे अचूकता हा आकडा पाहूच नये. पाहायचे ते हे, की ज्या ४६ जणींना खरोखर दुखले त्यांपैकी किती मॉडेलने ओळखल्या, आणि त्यांच्यासोबत न दुखणाऱ्या किती बायकांना उगाच धोक्याच्या यादीत बसवले. तुमच्या पत्रात हे दोन्ही आकडे नाहीत. मित्राला विचारून पाहा. माझा अंदाज असा, की ४६ पैकी निम्म्याही त्या जाळ्यात आलेल्या नसतील.

आता त्या ११२ जणींकडे येऊ, कारण सगळे घोडे इथेच पेंड खाते. फोन न लागणे ही काही नाणे उडवल्यासारखी आंधळी घटना नव्हे. केसपेपरवर लिहिलेला नंबर बहुधा मुलाचा किंवा जावयाचा असतो. शस्त्रक्रियेसाठी शहरात नातेवाइकांकडे राहिलेली बाई टाके निघाल्यावर गावी जाते, आणि नंबर शहरातल्या पुतण्याचा राहतो. कोणी उपचारांवर नाराज होऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेली असते, कोणी केमोथेरपीच्या फेऱ्यांत इतकी थकलेली असते की अनोळखी नंबर उचलत नाही, आणि काही जणी हयातही नसतात. यांतल्या किती जणींना दुखत होते, हे आपल्याला ठाऊक नाही. समजा त्यांतल्या एकतृतीयांश जणींना दुखत असेल, तर दुखणाऱ्यांची संख्या ४६ वरून ८३ वर जाते आणि प्रमाण साडेनऊ टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर. म्हणजे तुमचे मॉडेल सध्या दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली शिकत आहे: कोणाला दुखते, आणि कोण फोन उचलते. त्यात ‘राहण्याचा तालुका’ हा रकाना असेल, तर तो महत्त्वाच्या रकान्यांच्या यादीत वर आला आहे का, हे अवश्य तपासा. आम्ही पहिल्यांदा असा उद्योग केला तेव्हा आमच्या यादीत रुग्णालयापासूनचे अंतर दुसऱ्या क्रमांकावर होते आणि लांबच्या बायकांना कमी दुखते असे मॉडेल ठामपणे सांगत होते. आम्ही दोन दिवस त्यावर कष्टाची सवय, सोशिकपणा असले सिद्धान्त रचत बसलो होतो. नंतर लक्षात आले, की लांबच्या बायकांचे फोन लागलेच नव्हते.

ज्यांचा फोन लागला त्यांच्या ‘हो’ आणि ‘नाही’मध्येही बरेच दडलेले आहे. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात शस्त्रक्रियोत्तर दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली, आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. त्यातली व्याख्या नेमकी आहे: दुखणे शस्त्रक्रियेनंतर नव्याने सुरू झालेले किंवा वाढलेले असावे, जखम भरून येण्याच्या काळापलीकडे म्हणजे किमान तीन महिने टिकलेले असावे, शस्त्रक्रियेच्या जागी किंवा तिथल्या नसेच्या टापूत असावे, आणि जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाचे पुन्हा उद्भवणे यांसारखे दुसरे कारण नाकारलेले असावे. ‘अजून दुखते का’ या एका प्रश्नात यांतले काहीच विचारले जात नाही. त्या ४६ पैकी एखादीचा खांदा आखडलेला असेल, एखादीला पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधामुळे हातापायांना मुंग्या येत असतील, आणि एखादीचे दुखणे म्हणजे हाडात पसरलेल्या आजाराची पहिली खूण असेल. या तिघींना एकाच रकान्यात बसवणे चूक आहे, आणि तिसरीच्या बाबतीत तर धोक्याचे आहे.

उलट बाजूने पाहिले तर तुमचा आकडा संशयास्पदरीत्या कमी आहे. डेन्मार्कमध्ये २००५ आणि २००६ साली शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची देशव्यापी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर दिलेल्या ३,२५३ स्त्रियांपैकी ४७ टक्के जणींना दोन-तीन वर्षांनंतरही दुखत होते. त्या दुखणाऱ्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणींचे दुखणे मध्यम किंवा तीव्र होते. तुमच्याकडे फोन लागलेल्या ३७४ पैकी ४६, म्हणजे सव्वाबारा टक्के. आपल्या बायका डॅनिश बायकांपेक्षा चिवट आहेत असे म्हणून छाती फुगवण्यापूर्वी आपण प्रश्न कसा विचारला ते पाहावे. ‘दुखतंय का हो अजून?’ असे फोनवर विचारले की आपल्याकडचे ठरलेले उत्तर ‘नाही, बरं आहे’ असेच असते. डॉक्टरांनी जीव वाचवला, आता त्यांच्यापुढे कुरकूर कशाला, हा संकोच त्या ‘बरं आहे’मध्ये असतो.

माझ्या ओपीडीतले एक उदाहरण सांगते. पन्नाशीची बाई, शस्त्रक्रियेला पाच महिने झालेले, केसपेपरवर तीन भेटींत ‘तक्रार नाही’ अशी नोंद. माझ्याकडे ती झोप लागत नाही म्हणून पाठवलेली होती. तिला मी दुखते का हे विचारलेच नाही, ब्लाऊज कोणता घालता असे विचारले. तेव्हा म्हणाली, ‘ब्लाऊज कुठला, मुलाचा शर्टच घालते. शिवण लागली की दंडाच्या आत आग होते. भाकरी थापताना हात आपटला तर सणक थेट कोपरापर्यंत जाते.’ हे दुखणे नव्हते का? तिच्या मते नव्हते. दुखणे म्हणजे ठणका, आणि ठणका केव्हाच थांबला होता. मराठीत ठणका, कळ, सणक, चमक, आग, ठसठस, हुळहुळणे, मुंग्या, बधिरपणा हे सगळे वेगवेगळे आहेत आणि रुग्ण ते शब्द चुकून वापरत नाहीत. आग, सणक आणि हुळहुळणे ही नसेच्या दुखण्याची भाषा आहे. काखेतल्या गाठी काढताना इंटरकोस्टोब्रेकियल नस ताणली किंवा कापली गेली, तर नेमके दंडाच्या आतल्या बाजूला असेच होते. पण निवासी डॉक्टर केसपेपर इंग्रजीत लिहितो, तिथे या सगळ्या शब्दांचे एकाच शब्दात सपाटीकरण होते, आणि निदानाला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती तुमच्या मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच गळून पडते. तुमच्या ६१ रकान्यांत हा एक वाढवा: रुग्णाने वापरलेला शब्द, जसाच्या तसा, देवनागरीत.

आकड्यांची कथा तर याहून वेगळी. शून्य ते दहा या पट्टीवर दुखणे सांगा म्हटल्यावर आमच्या एका आजींनी सांगितले, ‘बारा आणे गेलं, चार आणे राहिलंय.’ माहिती भरणारा मुलगा विशीतला, त्याने आणा हे नाणे पाहिलेले नाही. त्याने १२ टाइप केले. फॉर्म दहापेक्षा मोठा आकडा घेईना, म्हणून त्याने १० भरले. त्या आठवड्यात आमच्या फाइलमध्ये सर्वांत तीव्र वेदना असलेली रुग्ण म्हणजे त्या आजी, आणि त्या समोर बाकावर चहा पीत बसल्या होत्या. वॉर्डातल्या चार-चार तासांच्या नोंदींवरही फार विसंबू नका. पाळी संपताना एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेली ‘३, ३, ३’ अशी ओळ ज्याने पाहिली आहे, त्याला मी काय म्हणते ते कळेल. सिस्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. तीस खाटांमागे दोघी असतील तर दुसरे काय होणार?

आता या विषयात जगात खरोखर किती साधले आहे ते सांगते. शस्त्रक्रियेमुळेच दीर्घकालीन दुखणे मागे राहते, याकडे वैद्यकाचे लक्ष तसे उशिरा गेले. १९९८ मध्ये उत्तर ब्रिटनमधल्या दहा वेदना-चिकित्सालयांतल्या ५,१३० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि त्यांतल्या २२.५ टक्के रुग्णांच्या दुखण्यामागे शस्त्रक्रिया हे एक कारण असल्याचे दिसले, तेव्हा भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद खडबडून जागे झाले. स्तनाच्या शस्त्रक्रियेपुरते बोलायचे तर माझ्या मते सर्वांत प्रामाणिक काम २०१७ मध्ये फिनलंडमधून आले. त्यांनी फिनिश रुग्णांवर एक साधे सांख्यिकी मॉडेल बांधले आणि ते डेन्मार्क आणि स्कॉटलंडमधल्या वेगळ्या रुग्णांवर पारखून घेतले. शेवटी त्यात चारच गोष्टी उरल्या: शस्त्रक्रियेच्या जागी आधीपासून असलेले दुखणे, जास्त वजन, काखेतल्या गाठी काढणे, आणि सातव्या दिवशीच्या दुखण्याची तीव्रता. पुढे दुखणारी एक आणि न दुखणारी एक अशी जोडी समोर ठेवली, तर दुखणारीला जास्त गुण देण्यात हे मॉडेल दोन्ही देशांत शंभरपैकी सुमारे ७४ वेळा बरोबर ठरले. पण २० टक्के जोखीम ही रेषा धरली, तेव्हा डेन्मार्कमध्ये पुढे दुखलेल्यांपैकी तिसरा हिस्साच त्या रेषेच्या वर होता, आणि स्कॉटलंडमध्ये जवळजवळ निम्मा. बाकीच्या मॉडेलच्या नजरेतून निसटल्या. चार रकान्यांच्या आणि दोन परक्या देशांत पारखलेल्या मॉडेलची ही गत आहे, तेव्हा एकाच रुग्णालयातल्या ६१ रकान्यांकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

त्याच हेलसिंकीच्या सुमारे हजार स्त्रियांच्या माहितीवर मशीन लर्निंग चालवून २०१८ मध्ये एक वर्गीकारक प्रसिद्ध झाला. अचूकता ८६ टक्के, आणि ‘हिला दुखणार नाही’ असे त्याने सांगितले तर ते सुमारे ९५ टक्के वेळा खरे. तुमच्या मित्राला बहुधा याच कामाने भुरळ घातली असावी. काम मेहनतीचे आहे, त्यात शंका नाही. पण ९५ हा आकडा वाचताना, मुळात शंभरातल्या किती जणींना दुखणार नव्हते, हे आधी विचारावे. ज्या गटात नव्वदहून अधिक जणींना तसेही दुखणार नाही, तिथे ‘दुखणार नाही’ हे भाकीत खरे ठरवायला यंत्र लागत नाही.

न्यूरल नेटवर्कबद्दल म्हणाल तर तुमच्याकडे त्याचे पोट भरण्याइतके अन्न नाही. इथे मोजायच्या त्या ४८६ रुग्ण नव्हेत, दुखलेल्या ४६ जणी. रकाने ६१, म्हणजे एका रकान्यामागे एक दुखणारी रुग्णही येत नाही. २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते, की न्यूरल नेटवर्क किंवा रँडम फॉरेस्टसारख्या पद्धतींना स्थिर उत्तर देण्यासाठी लॉजिस्टिक या नेहमीच्या साध्या सांख्यिकी पद्धतीच्या दहापटीहून अधिक घटना (इथे दुखलेल्या रुग्ण) लागू शकतात, कधी एका रकान्यामागे २०० घटनाही पुरत नाहीत. २०१९ मध्ये ७१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही, नीट बेतलेल्या अभ्यासांत मशीन लर्निंग लॉजिस्टिक पद्धतीपेक्षा सरस असल्याचे दिसले नाही. म्हणून मित्राला सांगा, की आधी दंडात्मक, म्हणजे कोणत्याही रकान्याला अवास्तव वजन न देणारे, लॉजिस्टिक मॉडेल बांध, विषयाच्या ज्ञानावरून निवडलेले पाच-सहा रकाने घे, आणि एक्सजीबूस्ट त्याच्यापेक्षा खरोखर पुढे जाते का ते दाखव. पुढे गेले तर मी आनंदाने माझे शब्द मागे घेईन.

तुमच्या पत्रातल्या दोन बारीक गोष्टींनी मात्र मला दचकवले. पहिली, दुखणाऱ्यांची संख्या कमी असल्याने कृत्रिम रुग्ण तयार करून दोन्ही गट समसमान केले, ही. असे केले की मॉडेलला जगात दर दुसऱ्या बाईला दुखते असे वाटू लागते, आणि ज्या रुग्णाची जोखीम खरे तर दहा टक्के आहे तिला ते पन्नास टक्के सांगते. कोणाची जोखीम जास्त आणि कोणाची कमी हा क्रम लावण्याची त्याची क्षमता यामुळे वाढत नाही, जोखमीचा आकडा तेवढा बिघडतो. रुग्णापुढे आकडा बोलून दाखवायचा असेल तर हे चालणार नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमच्या महत्त्वाच्या रकान्यांत पहिल्या क्रमांकावर ‘प्रीगॅबलिन सुरू’ हे आहे. नसेच्या दुखण्यावरचे हे औषध तुमच्याकडे कधी सुरू होते? सहाव्या आठवड्याच्या भेटीत, दुखते म्हणून. म्हणजे उत्तर फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेतल्यासारखे झाले. भाकीत ज्या क्षणी करायचे तो क्षण आधी ठरवा: भूल देण्याआधी, डिस्चार्जच्या दिवशी, की दहाव्या दिवशी. त्या क्षणानंतर केसपेपरवर जे चढले ते सगळे काढून टाका, रेडिओथेरपीसुद्धा, जर ती त्या क्षणी ठरलेली नसेल. हा एक रकाना काढल्यावर तुमचे ९२ टक्के किती उरतात, ते मला कळवा.

बाहेरचे तयार मॉडेल उचलून आणावे का, असेही तुम्ही ओघात विचारले आहे. नेदरलँड्समधले २०२२ चे एक चांगले मॉडेल आहे, सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांसाठीचे. त्यात चार गोष्टी आहेत: शस्त्रक्रियेआधी अफूजन्य वेदनाशामके चालू असणे, हाडाची शस्त्रक्रिया, चौदाव्या दिवशीची वेदना, आणि दुखऱ्या जागी थंडीची वेदनादायक जाणीव. यांतली पहिली गोष्ट आपल्याकडे जवळपास निरुपयोगी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फीन आपल्या रुग्णांपर्यंत फारसे पोहोचलेच नाही, आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉल हे त्याच जातीचे सौम्य वेदनाशामकही त्याच कायद्याखाली आहे. आपला रुग्ण आधी काय घेऊन आलेला असतो तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डायक्लोफिनॅकची इंजेक्शने, आणि त्यांची नोंद कुठेच नसते. चौथ्या गोष्टीबद्दल मला एवढेच विचारावेसे वाटते, की मे महिन्यात अकोल्यात ‘थंडीने तिथे दुखते का’ हा प्रश्न कसा विचारायचा? मी ओल्या फडक्याने विचारते: अंघोळीनंतर गार पाणी दंडावर पडले तर कसे वाटते? प्रश्न बदलला की मोजमाप बदलते, आणि मोजमाप बदलले की ते मॉडेल इथल्या रुग्णांवर नव्याने पारखावे लागते. परगावचे मॉडेल न पारखता वापरल्याने काय होते याचा धडा अमेरिकेत मिळालेला आहे. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचे, सेप्सिस (रक्तात भिनणारा जीवघेणा जंतुसंसर्ग) ओळखणारे मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होते. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा क्रम लावण्याची त्याची क्षमता, म्हणजे वर सांगितलेल्या जोडीच्या कसोटीवरचा आकडा, ०.६३ निघाली, कंपनीने सांगितलेली ०.७६ ते ०.८३ होती, आणि ०.५ म्हणजे नाणेफेक.

आता समजा, तुम्ही हे सगळे दुरुस्त केले आणि मॉडेल बऱ्यापैकी जमले: दुखणाऱ्यांपैकी ७० टक्के ओळखते, न दुखणाऱ्यांपैकी ७५ टक्के बरोबर बाजूला काढते. हजार जणींत शंभर दुखणाऱ्या असतील, तर त्यांतल्या ७० यादीत येतील, ३० सुटतील, आणि उरलेल्या नऊशेंपैकी २२५ जणी उगाच यादीत येतील. म्हणजे यादीतल्या २९५ पैकी ७०, दर चौघींमागे एकीपेक्षाही थोडे कमी. हे वाईट आहे का? ते यादीतल्या बाईला तुम्ही काय देणार यावर अवलंबून आहे. दुष्परिणाम असलेले औषध देणार असाल तर नक्कीच वाईट आहे. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबलिन ही नसेच्या दुखण्यावरची औषधे शस्त्रक्रियेच्या वेळी सरसकट देण्याने रुग्णाला जाणवेल असा फायदा होत नाही, हे २०२० च्या मोठ्या आढाव्यात दिसले, चक्कर मात्र येते. पॅराव्हर्टेब्रल ब्लॉकवर, म्हणजे मणक्याशेजारी इंजेक्शन देऊन छातीच्या नसा बधिर करण्यावर, आम्हा भूलतज्ज्ञांची मोठी भिस्त होती. पण २,१०८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीत सहा महिन्यांनी ब्लॉक मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत ५२ टक्के जणींना छेदाच्या जागी दुखत होते, आणि वर्षाने एका गटात २८ व दुसऱ्यात २७ टक्के. ब्लॉक मी आजही देते, कारण पहिली रात्र बरी जाते. पुढच्या वर्षाचे वचन मात्र देत नाही.

यादीतल्या बाईला दहाव्या ते चौदाव्या दिवशी एक फोन, आणि गरज वाटल्यास आठवड्याभरात ओपीडीत एक भेट, एवढेच द्यायचे असेल, तर चौघींमागे एक हे प्रमाण मला अगदी परवडते. त्या भेटीत खांद्याची हालचाल पाहता येते, व्यायाम पुन्हा दाखवता येतात, नसेचे दुखणे असेल तर त्याचे औषध वेळेत सुरू होते, आणि झोप व भीती यांबद्दल बोलता येते. कॅनडातल्या टोरंटो जनरल हॉस्पिटलने २०१४ पासून शस्त्रक्रियेनंतर घरी परतण्याच्या अशाच संक्रमणकाळासाठी वेगळी सेवा चालवली आहे. गुडघारोपणाच्या क्षेत्रातला पुरावा तर अधिक पक्का आहे: ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत ३६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनी ज्यांना दुखत होते अशांना हुडकून, तपासून, योग्य ठिकाणी पाठवून आणि फोनवर पाठपुरावा करून वर्षाअखेर वेदना थोडी पण निश्चित कमी झाली. तिथे कोणते अवघड मॉडेल नव्हते, एक प्रश्नावली होती. आणि मला खरे तर हेच वाटते, की आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वीचे भाकीत हा सध्या तरी दुय्यम प्रश्न आहे. दुसऱ्या आठवड्यातले दुखणे हा सर्वांत बोलका रकाना आहे आणि तो भरायला संगणक लागत नाही. युरोपातल्या एका अनेककेंद्री अभ्यासात, पहिल्या दिवसातला तीव्र वेदनेत गेलेला वेळ दहा टक्क्यांनी वाढला की वर्षाने दुखणे उरण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी वाढलेले दिसले. यातून तीव्र वेदना हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही, एवढे भान ठेवावे. मॉडेल जोखीम दाखवते, तिच्यावर उपाय कोणता ते दाखवत नाही.

रुग्णाला आकडा सांगावा का? ‘तुम्हाला दुखणार असे कॉम्प्युटर म्हणतो’ असे कधीही सांगू नका. वेदनेची धास्ती हीच वेदना वाढवणारी गोष्ट आहे. मी ‘तुमच्यासारख्या चौघींतल्या एकीला पुढे आग किंवा सणक राहते, तशी वाटली तर वाट न पाहता फोन करा’ असे सांगते, आणि नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते. जोखमीचा आकडा डिस्चार्ज कार्डावर छापू नका. ते कार्ड विमा कंपनीच्या टेबलावरही जाते. संमती, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या नैतिक मार्गदर्शक सूचना या गोष्टी तुमची नीतिसमिती पाहीलच, पण फाइल मित्राच्या लॅपटॉपवर नावांसकट असेल तर आजच नावे काढा.

मग पुढे काय करायचे? त्या ११२ जणींना पुन्हा फोन करा. दुपारी नव्हे, संध्याकाळी साडेसातनंतर, कारण फोन ज्याच्या खिशात असतो तो मुलगा तेव्हा घरी आलेला असतो. मुलाने ‘आई बरी आहे’ म्हटले तर ते उत्तर लिहू नका, आईलाच फोनवर मागा, आणि एखादी हयात नाही असे कळले तर तो वेगळा रकाना करा, ‘दुखत नाही’ नव्हे. ‘दुखते का’ असे न विचारता, काखेत किंवा दंडाच्या आतल्या बाजूला कपडा लागला तर कसे वाटते, त्या कुशीवर झोपता येते का, हात वर करून डब्बा काढता येतो का, हे विचारा, आणि त्यांचा शब्द तसाच लिहा. ज्या लागणारच नाहीत त्यांचा रकाना रिकामा ठेवा, शून्य भरू नका. रिकाम्या रकान्याचे काय करायचे यासाठी सांख्यिकीत चांगल्या पद्धती आहेत, चुकीच्या शून्यासाठी नाहीत. फाइल वर्षवार विभागा, जुन्या वर्षांवर शिकवा आणि नव्या वर्षावर पारखा. आणि या फोनांत जिला आग होते असे कळेल, तिला मॉडेल तयार होईपर्यंत थांबवू नका, त्याच आठवड्यात बोलावून घ्या.